भाकर कोणाची, भांडी कोणाची?



गेल्या उपवासकाळात एका संध्याकाळी एक जोडपे आम्हांला भेटायला आले. ते पापनिवेदनासाठी आले नव्हते आणि आज आम्ही हे त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तेव्हा मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात उभे राहून 'हे कोणाचे घर बरे?' असा अंदाज बांधत बसू नये ही विनंती.

नवऱ्याची कंपनी बंद पडून सात महिने झाले होते. वीस वर्षे त्याने स्टोअर्स खात्यात काढली. कंपनीने मुंबईतला गाशा गुंडाळला, हिशेब हातात दिला आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो घरी बसला. बायको मुंबईच्या एका इस्पितळात नर्स आहे. पहाटे चारला उठायचे, पाणी भरायचे, भात-कालवण करून सगळ्यांचे डबे भरायचे आणि पाच चाळीसची लोकल पकडायची, हा तिचा जुना क्रम. दिवसभर वॉर्डात उभे राहून ती संध्याकाळी घरी येते तेव्हा सकाळची भांडी मोरीत तशीच पडलेली असतात. पूर्वीही असत. पण पूर्वी घरात दिवसभर कोणी नव्हते, आता आहे.

त्या संध्याकाळी भांडण या भांड्यांवरूनच सुरू झाले. नवरा म्हणाला, "फादर, माझी नोकरी गेली म्हणून मी काय आता मोलकरीण झालो?"

बायको शांतपणे म्हणाली, "मी यांना मोलकरीण व्हा म्हणत नाही. पण भांडी घासणारी मोलकरीण असेल, तर इतकी वर्षे मी या घरात कोण होते?"

यावर आम्ही काय केले ते सांगायला आज लाज वाटते. आम्ही त्या बहिणीला समजावले की पुरुषाचे काम सुटले की त्याचे मन फार दुखावते, थोडा धीर धरा, त्याला टोचून बोलू नका, प्रार्थना करा. तिने ऐकून घेतले. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "फादर, उद्या सकाळची ड्यूटी आहे," आणि निघून गेली. तिच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलेच नव्हते. ज्याचे मन दुखावले होते त्याची आम्ही काळजी घेतली आणि जिचे अंग दुखत होते तिला आणखी एक काम सांगितले, धीर धरण्याचे.

तो प्रश्न पुढे बरेच दिवस आमच्या मनात राहिला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र वाचावे लागते. त्यातल्या न्यायावरच्या भागात त्याने एक साधी पण मार्मिक गोष्ट सांगितली आहे. वाटप ज्याच्या-त्याच्या योग्यतेप्रमाणे व्हावे, हे सगळ्यांनाच मान्य असते. भांडण होते ते योग्यता कशाने मोजायची यावरून. कोणी म्हणतो संपत्तीने, कोणी म्हणतो गुणांनी. तो हे नगरराज्याविषयी बोलत होता, पण आम्हांला ते स्वयंपाकघरालाही लागू पडते असे वाटते. न्याय नको असे नवरा-बायकोपैकी कोणीच म्हणत नाही. दोघांची मापे मात्र वेगळी असतात.

आपल्याकडे घरोघरी चालणारे माप पैशाचे आहे. जो कमावतो त्याने घरी येऊन पाय पसरावेत आणि जो कमावत नाही त्याने घर सांभाळावे. ऐकायला हे सरळ वाटते. पण हे माप खरोखर सगळ्यांना सारखे लावले जाते का? पुरुष कमावत होता तेव्हा ते लावले गेले. पुरुषाची कमाई थांबली आणि स्त्रीची चालू राहिली की ते माप कोनाड्यात ठेवले जाते आणि 'पुरुषाचा मान' नावाचे दुसरे माप बाहेर काढले जाते. या जोडप्याच्या घरी तर सासूबाईंनीच सुनेला सुनावले, "माझ्या पोराने आता भांडी घासायची बाकी राहिली का?" सासूबाईंचा राग आम्ही समजू शकतो. त्यांनी स्वतः आयुष्यभर वाडीत काम करून वर घर सांभाळले. त्यांना कोणी विचारले नाही, म्हणून सुनेनेही विचारू नये, असा तो हिशेब आहे.

याची उलट बाजूही पाहावी. २०२० च्या टाळेबंदीनंतर कितीतरी स्त्रियांचे काम सुटले. खाजगी शाळेतल्या शिक्षिका होत्या, दुकानात आणि ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या होत्या. आता घरकामाची वाटणी कशी करावी हे विचारायला त्यांच्या घरून कोणी आमच्याकडे आले नाही. वाटणी आपोआप झाली. पूर्वी नवरा जो बाजार करत होता तोही तिच्याकडे आला, कारण 'ती घरीच असते.' तिला पुन्हा नोकरी शोधायची आहे, त्यासाठी चार ठिकाणी फोन करायला, अर्ज लिहायला दिवसातले दोन तास लागतील, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. पुरुषाची नोकरी गेली की तो 'बेकार' होतो, स्त्रीची गेली की ती 'घरी' असते.

२०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे दिसले. पुरुषांपैकी जेमतेम चौथा हिस्सा घरकामाला हात लावणारा निघाला आणि त्यांचा वेळ होता ९७ मिनिटे. आपल्या धर्मग्रामातील आकडे वेगळे निघतील असे कोणाला वाटत असेल, तर त्याने पुढच्या रविवारी जेवणानंतर ताटे कोण उचलतो ते आपल्याच घरी पाहावे.

पैशाचे माप ख्रिस्ती घराला लावताच येत नाही, असे आमचे मत आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला आठवा. संध्याकाळचे पाच वाजत आले तरी काही माणसे बाजारात नुसती उभी होती. मालकाने कारण विचारले तेव्हा ती म्हणाली की आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. मालकाने त्यांना आळशी म्हटले नाही आणि शेवटी पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण त्यांच्या घरीही तितकीच तोंडे होती. बाजाराने ज्याला नाकारले त्याची भाकर प्रभू कापत नाही. मग नोकरी गेलेल्या माणसाने घरात दोन घास खाण्याची किंमत म्हणून भांडी घासावीत, असे आपण म्हणू शकत नाही. नवऱ्याचा संताप इथे बरोबर होता. भांडी ही बेकारीची शिक्षा नव्हे. आणि हेच खरे असेल, तर ज्या स्त्रीने कधी पगार आणला नाही तिचे घरकामही तिच्या भाकरीची किंमत असू शकत नाही. ती आपले जेवण 'फेडत' नव्हती.

इथे कोणी संत पौलाचे नाव घेईल. काम करायचे नसेल त्याने खाऊही नये, असे त्याने थेस्सलनीकाकरांना बजावले आहे खरे. पण ते नीट वाचावे. तो ज्याला काम मिळत नाही त्याच्याविषयी बोलत नाही, ज्याची इच्छा नाही त्याच्याविषयी बोलतो. आता मोरीत भांडी पडली आहेत, हात रिकामे आहेत, अंगात ताकद आहे आणि तरीही माणूस टीव्हीसमोर बसला आहे. हे काम नसणे झाले की इच्छा नसणे?

मग न्यायाचे माप कोणते? अर्धे-अर्धे म्हणावे तर तेही खरे नाही. बारा तास बाहेर राहून आलेल्या माणसाने आणि दिवसभर घरी असलेल्याने मोजून चार-चार ताटे धुणे, याला हिशेब म्हणता येईल, न्याय नाही. आम्हांला वाटते की दोघांची विश्रांती मोजावी. रात्री दिवा मालवण्यापूर्वी दोघांना सारखाच निवांत वेळ मिळाला का? एक जण तासभर पाय मोकळे करून, वर्तमानपत्र वाचून झोपत असेल आणि दुसरी ओट्यावर फडके मारता मारता पेंगत असेल, तर त्या घरात कोण किती कमावते याला काही अर्थ राहत नाही. या मापाने, जो घरी आहे त्याच्याकडे जास्त काम येईल हे उघड आहे. पण ते येईल त्याच्याजवळ वेळ आहे म्हणून. तो कमी प्रतीचा झाला म्हणून नव्हे. नोकरी शोधण्यासाठी जाणारा वेळही कामाचाच वेळ धरला पाहिजे. दिवसभर दारोदार फिरून नकार घेऊन आलेला माणूस थकलेलाच असतो. आणि नोकरी गेल्यावर पहिले काही आठवडे त्याला भिंतीकडे बघत बसावेसे वाटले, तर बसू द्यावे. शोकालाही मुदत लागते. सात महिने मात्र नाही.

एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात येत नाही. आमच्याही आली नव्हती, त्या बहिणीनेच ती आम्हांला सांगितली. नवऱ्याने एकदा विचारले होते, "काय करू ते सांग, मी करतो." तिला त्याचाच राग आला. कारण तांदूळ संपत आले आहेत, सिलिंडर नोंदवायचा आहे, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी आणायची आहे, मुलाच्या शाळेत सही हवी आहे, हे सगळे लक्षात ठेवणे तिच्याच डोक्यात राहिले. हात तेवढे त्याचे. 'मी तिला मदत करतो' असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा काम तिचेच आहे हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते.

'साहाय्यक' या शब्दावरून आपल्या प्रवचनांतही पुष्कळ घोटाळा झालेला आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव आदामासाठी साहाय्यक निर्माण करतो. त्यावरून स्त्री म्हणजे हाताखालची मदतनीस असा अर्थ आपण काढला. मूळ हिब्रू शब्द 'एझेर' आहे आणि स्तोत्रांमध्ये तोच शब्द खुद्द परमेश्वराच्या साहाय्यासाठी वापरला आहे. परमेश्वराला कोणी हाताखालचा म्हणणार नाही.

पुरुषाचा मान हा विषय आम्ही थट्टेवारी नेत नाही. काम गेले की माणसाला आपण कोणीच नाही असे वाटते आणि अशा वेळी हातात झाडू घेणे म्हणजे हार कबूल करणे वाटते. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनाच्या कारखान्यात मजुरी केलेले. कामाविषयीच्या १९८१ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी मांडले की कामाची प्रतिष्ठा ते काम कोणते आहे यावरून ठरत नाही, ते करणारा मनुष्य आहे यावरून ठरते. कुटुंबाकडूनही दखल न घेतल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या रोजच्या कष्टांचा उल्लेखही त्याच परिपत्रकात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी लिहिताना तर स्पष्टच म्हटले की घरकाम केल्याने नवऱ्याचे पुरुषत्व उणे होत नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पण आम्हांला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय. शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकामे राहिले. आपल्या कोळीवाड्यांतल्या बांधवांना ती सकाळ समजावून सांगायला नको. किनाऱ्यावर पुनरुत्थित प्रभू उभा होता. मृत्यूवर विजय मिळवून आलेला तो प्रभू काय करत होता? त्याने निखारे पेटवले होते, त्यावर मासळी भाजत होती, शेजारी भाकर होती. जाळे किनाऱ्यावर ओढले ते नंतर, पण निखारे त्याआधीच पेटलेले होते. रात्रभर राबून आलेल्यांसाठी त्याने न्याहारी तयार ठेवली होती.

ते जोडपे पास्कानंतर पुन्हा भेटले. आम्ही आधी त्या बहिणीची क्षमा मागितली. आता सकाळचे पाणी आणि भांडी नवऱ्याकडे आहेत, बाजारही तोच करतो. तांदूळ कधी संपतात ते त्याला ठाऊक झाले आहे. मासळी साफ करायला तो अजून तयार नाही. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, मग एके दुपारी स्वतःच लसूण सोलायला बसल्या. त्याला एका गोदामात काम मिळण्याची शक्यता आहे, पगार पूर्वीच्या निम्मा. "मग भांडी?" असे आम्ही विचारले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ते त्यांनी अजून ठरवलेले नाही.

हे सगळे आम्ही महिला मंडळाच्या बैठकीत बोललो तेव्हा मागच्या बाकावरून एका आजीने विचारले, "फादर, तुमचं ताट कोण धुतं?" सगळ्या हसल्या. आम्ही सेमिनरीत गेलो तेव्हापासून आमच्यासाठी कोणीतरी रांधत आले आहे आणि कोणीतरी भांडी धुवत आले आहे. आमच्या मावशी साठी ओलांडून गेल्या आहेत. त्या दिवसापासून रात्रीची भांडी आम्ही धुतो. मावशींचे म्हणणे असे की कढईचे तेल नीट निघत नाही, सकाळी त्यांना ती पुन्हा घासावी लागते.

तुमचे धर्मगुरू