पथ्य, पाप आणि दुपारी चारची शुगर

मधुमेह असलेल्या माणसाला कॅन्सर झाला की घरात एक हिशेब सुरू होतो. भेटायला आलेली मंडळी फळांची पिशवी टेबलावर ठेवतात आणि विचारतात, 'पथ्य सांभाळत होता ना?' प्रश्न काळजीपोटीच असतो. पण शरीराला जे भोगावं लागतं ते आपल्याच केल्याचं फळ, ही जुनी धारणा त्याच्या तळाशी असते. मधुमेही माणूस तिला लवकर बळी पडतो, कारण वर्षानुवर्षं तो आकड्यांवरच जोखला जातो. उपाशीपोटीची शुगर आटोक्यात असली तर शाबासकी, तीन महिन्यांची सरासरी चढली तर 'आंबे झाले वाटतं यंदा!' पथ्य हा खरा उपचाराचा भाग, पण हळूहळू तो चारित्र्याचा दाखला होऊन बसतो. केमोथेरपी सुरू झाली की हा दाखला खोटा पडतो. माझ्या मते, कर्माचा विचार आपण किती उथळ करून टाकला आहे, हे तिथं उघडं पडतं.

केमोच्या अनेक औषधांबरोबर, उलट्या होऊ नयेत म्हणून, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. सकाळी ते पोटात किंवा शिरेतून गेलं की यकृत जास्त ग्लुकोज सोडू लागतं आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. सकाळचा आकडा बरा असतो, आणि दुपारी चारला बोट टोचावं तर ग्लुकोमीटर तीनशेच्या वर. जेवणात असते अर्धी भाकरी आणि मुगाचं वरण. पुढे कधी नेमकं उलटं होतं: इन्सुलिन घेऊन झालेलं असतं आणि खाल्लेलं उलटून पडतं, मग ज्यानं वर्षानुवर्षं चहात साखर घातली नाही त्यालाच घाईघाईनं साखरपाणी पाजावं लागतं. माणूस तोच, संयम तोच, फळ मात्र वेगळं.

हे गीतेला अनपेक्षित नाही. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज कच्ची, असंही लगेच बजावलं आहे. ज्ञानेश्वरांनी या पाच कारणांचा विस्तारानं उलगडा केला आहे. चारच्या आकड्याला हे लावून पाहा. मधुमेहानं आधीच थकलेलं शरीर, ते औषध, त्याची मात्रा आणि वेळ, कोणाच्याच हातात नसलेलं काही, आणि या सगळ्यांत पथ्य पाळणारा एक कर्ता. बुद्धानंही शिवक नावाच्या परिव्राजकाला हेच सांगितलं होतं की पित्त, कफ, वात, ऋतुबदल यांतूनही वेदना उपजतात. सगळं पूर्वकर्माच्या माथी मारणं अनुभवाला धरून नाही.

यावर आक्षेप येईल की मधुमेह आणि काही कॅन्सर यांचा संबंध संशोधनातच दिसतो, मग दोष कसा नाकारता? संबंध आहे. यकृत, स्वादुपिंड, गर्भाशयाचं अस्तर यांच्या कॅन्सरची जोखीम मधुमेहींमध्ये जास्त आढळते. पण ही जोखीम समूहाची; एकट्या माणसाचा कॅन्सर कशातून आला हे तिच्यावरून सांगता येत नाही. स्वादुपिंडाच्या बाबतीत तर गाडी उलटीही असते: नव्यानं लागलेला मधुमेह हीच कधीकधी लपलेल्या कॅन्सरची पहिली खूण ठरते. ज्याला आपण कारण म्हणून बोट दाखवतो तो परिणाम असू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दोष काढून घेतला तर माणूस हातपाय गाळून बसेल, पथ्यच सोडेल. इथे मागचा जाब आणि पुढची जबाबदारी यांची गल्लत होते. चरकसंहिता दैवाला मागच्या जन्मीचं कर्म म्हणते खरी, पण त्याच ठिकाणी दुबळ्या दैवावर आजचा पुरुषकार मात करतो असंही म्हणते. टिळक स्वतः मधुमेही होते, आणि त्यांनी 'गीतारहस्या'त कर्मविपाकाच्या प्रकरणातच आत्म्याच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आहे. चारच्या आकड्यावर पश्चात्ताप नको, तो वहीत लिहून डॉक्टरांना कळवायचा. इन्सुलिनची मात्रा त्यावर ठरते. उलट, अपराधाच्या भावनेनं माणसं आकडे लपवतात, किंवा 'साखर कॅन्सरला पोसते' असं कुठून तरी ऐकून जेवणच तोडतात. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरं, पण म्हणून उपाशी राहिल्यानं गाठ उपाशी मरत नाही. वजन मात्र उतरतं आणि पुढची केमो झेपेनाशी होते.

राहता राहिला भाविकाचा प्रश्न. प्रारब्ध म्हटल्यानं ज्याला धीर येतो त्याचा तो आधार का काढावा? काढू नये. स्वतःच्या दुखण्याला कोणी प्रारब्ध म्हणेल तर तो त्याचा अधिकार. दुसऱ्याच्या दुखण्याला तसं म्हणण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. पण नवसापायी केमोच्या आठवड्यात कडक उपास धरायचा, तर परंपरेलाच विचारावं. (साबुदाण्याच्या खिचडीनं शुगर चढते ती वेगळीच!) व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्रानं मोजल्या आहेत, आणि त्यांत पाणी, फळं, दूध यांच्या बरोबरीनं औषधही आहे.