अडकित्त्यापाशी थांबणं

चाकू-सुऱ्या जमवायला निघालेल्या माणसाला सुरुवातीला सगळंच हवं असतं. जुन्या बाजारात दिसलेली गंजकी कट्यार हवी, कुणी परदेशातून आणलेला तांबडा व्हिक्टोरिनॉक्स हवा, ‘वक्त’मधल्या राजकुमारच्या हातात होता तसला रामपुरी हवा, आणि कोडगूच्या लग्नात नवरदेवाच्या कमरपट्ट्यात खोचलेली पीचेकत्ती पाहिली की तीही हवी. धारवाडात माझ्या ओळखीचा एक तरुण याच अवस्थेत होता. बँकेत नोकरी, अजून संसार नाही, त्यामुळे पगारातलं बरंच काही पोलादात जायचं. कपाट उघडून त्यानं मला सगळं दाखवलं. मी विचारलं, “यातलं तुझं कुठलं?” तो म्हणाला, “सगळंच माझं, काका.”

पावत्या त्याच्याच नावाच्या होत्या, एवढ्यापुरतं ते खरं होतं.

सगळं जमवूनही मोठं नाव झालेली माणसं आहेत, नाही असं नाही. हैदराबादचे तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान, यांनी हस्तिदंत, घड्याळं, पडद्याआडच्या संगमरवरी बाया, जेड मुठीचे खंजीर, जे भावलं ते घेतलं. १९४९ मध्ये ते गेले आणि १९५१ मध्ये त्यांच्या संग्रहाचं संग्रहालय झालं. तिथं फिरताना डोळे दिपतात, पण बाहेर आल्यावर सांगता येत नाही की नक्की काय पाहिलं. शिवाय त्यांच्यामागे जहागीर होती. महिन्याच्या पगारावर सालारजंग होता येत नाही.

मग संग्रहाला एकत्र बांधणारं सूत्र कुठून आणायचं? पुस्तकी उत्तरं ठरलेली आहेत: प्रदेश धरा, काळ धरा, कारागीर धरा, नाहीतर रचना धरा. चुकीची नाहीत ती, पण थंड आहेत. माझा अनुभव असा की सूत्र ठरवून सापडत नाही. कपाट उघडल्यावर हात नकळत कुठल्या वस्तूकडे जातो, पाहुण्याला काय दाखवताना आवाज बदलतो, तिथं ते आधीच येऊन बसलेलं असतं. या तरुणाच्या कपाटात सर्वांत खालच्या फळीवर आजीचा अडकित्ता पडला होता. रामपुरीबद्दल तो किमतीत बोलला, कट्यारीबद्दल ‘शिवकालीन’ या शब्दात बोलला (ती उदयपूरकडची अलीकडची असावी, असं मला तिच्या मुठीवरून वाटलं), आणि अडकित्त्याबद्दल मात्र अर्धा तास बोलला. आजी जेवण झाल्यावर ओसरीवर बसून सुपारी कशी कातरायची, तिची कातर किती बारीक, आजोबांना खांड लागायचं आणि तिला भुसा.

हुबळी-धारवाडात बसून अडकित्ता हे सूत्र निघणं अगदी साहजिक आहे, हे त्यालाच सुचलं नव्हतं. पश्चिमेला घाटाच्या अलीकडे सिरसी-सिद्धापूरच्या सुपारीच्या बागा. दक्षिणेला सावनूर, जिथल्या विड्याच्या पानांचं नाव या सगळ्या भागात आहे. पान आणि सुपारी दोन्ही दोन-तीन तासांच्या अंतरावर पिकतात, आणि हुबळीच्या बाजारात येऊन भेटतात. याच पट्ट्यात पूर्वेकडे ज्वारी कापायचं कुडगोल, उत्तरेला बेळगावकडे उसाचा कोयता, प्रत्येक घरात विळी, तिला कानडी शेजारी ईळगी म्हणतात. सिरसीकडे ओल्या सुपारीची साल काढायला फळीवर उभं पातं बसवलेली मेट्टुगत्ती असते आणि हंगामात रात्र-रात्र बसून सुपाऱ्या सोलल्या जातात. धारेचा इतका मोठा संसार दाराशी असताना माणूस जर्मनीचं पार्सल मागवतो, याची मला गंमत वाटते. अर्थात पार्सल उघडण्याचा आनंद मलाही कळतो.

कायद्यानंही इथं एक रेघ ओढून ठेवली आहे, आणि ती संग्राहकाला उपयोगी आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे, शिवाय तलवारी, खंजीर वगैरे शस्त्रांच्या यादीत आहेत. पण घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेल्या पात्यांना त्यातून वगळलं आहे. म्हणजे पातं कशासाठी घडवलं, हा प्रश्न कायदासुद्धा विचारतो. मला हा प्रश्न लांबी-रुंदीपेक्षा जास्त आवडतो. ज्याला कट्यारीच हव्यात त्यानं परवान्याचं आधी पाहावं, आणि शंभर वर्षांपलीकडची वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही.

घरातल्या वस्तूंची बाजू घेणारा आपल्याकडचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. १८९६ चा जन्म, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे. त्यांच्या संग्रहात शस्त्रंही आहेत, पण नाव झालं ते दिवे, फण्या, दौती, वज्रऱ्या, भांडी आणि अडकित्ते यांनी. घोड्याच्या आकाराचे, पोपटाचे, जोडप्याचे अडकित्ते तिथं आहेत. वीस हजारांच्या घरात वस्तू जमल्या आणि १९७५ मध्ये त्या त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिल्या, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं. संख्येनं पाहिलं तर हाही सालारजंगी पसारा. तरीही तो पसारा वाटत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक वस्तूवर कुणाच्या तरी रोजच्या हाताचा स्पर्श आहे. त्यांचं सूत्र वस्तूच्या जातीत नव्हतं, वापरणाऱ्यात होतं.

दुसरा माणूस फार लांबचा. सॅम्युएल आयलेनबर्ग, १९१३ मध्ये वॉर्सात जन्मलेला, १९३९ मध्ये अमेरिकेत पोचलेला, पुढे कोलंबिया विद्यापीठातला गणिती. १९४५ मध्ये सॉन्डर्स मॅक लेनबरोबर त्यानं गणितात कॅटेगरी थिअरीचा पाया घातला. वस्तूंपेक्षा वस्तूंमधल्या संबंधांकडे पाहणारी ती शाखा. पन्नासच्या दशकात मुंबईला आला आणि इथल्या कलावस्तूंच्या नादी लागला. मोठ्या मूर्तींच्या मागे न लागता बहुतेक लहान वस्तू घेतल्या. त्यातल्या चारशेहून अधिक पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेल्या. पण त्याच्याकडे अडकित्त्यांचाही मोठा संग्रह होता आणि हेन्री ब्राउनरिग यांनी त्यावर एक पुस्तकच लिहिलं. पोलंडचा गणिती आपल्या आज्यांच्या कमरेच्या पिशवीतली वस्तू रांगेनं मांडून बसतो, हे चित्र मला फार आवडतं. आपण ती रांग मोडीत घातली.

मोडीवरून तंजावर आठवतं. शेवटचे भोसले राजे शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि राज्य खालसा झालं. नंतरच्या काही वर्षांत तिथल्या शस्त्रागाराची विल्हेवाट लावली गेली. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्या ढिगातून काही कट्यारी, पट्टे, अंकुश निवडून मद्रासच्या संग्रहालयाकडे पाठवले. बाकीचं तोडून भंगार लोखंडाच्या भावानं गेलं. १८७८ मध्ये त्यानं ‘इंडियन अँटिक्वेरी’त त्याबद्दल लिहिलं. दक्षिणेतल्या शस्त्रांविषयी अभ्यासकांना आज जे कळतं, त्यातला मोठा भाग त्या एका माणसाच्या निवडीतून आलेला आहे. त्याला जे सुंदर वाटलं, ते उरलं. साधं, झिजलेलं, शिपायाच्या हातातलं गेलं. निवडणाऱ्याच्या डोळ्याला इतकी किंमत असते, म्हणून त्या डोळ्याला काहीतरी ठरलेलं पाहायला शिकवावं लागतं.

आणि डोळा शिकतो तो एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा पाहून. दहा जातींच्या दहा सुऱ्या घेतल्या तर प्रत्येकीबद्दल एक-एक गोष्ट कळते. दहा अडकित्ते शेजारी ठेवले की ते एकमेकांबद्दल बोलू लागतात. दोन दांडे, टोकाला खिळा, वरच्या दांड्याला धार, खालच्याला सुपारी टेकायची बैठक. सुपारी खिळ्याजवळ आणि हात दांड्याच्या शेवटाशी, म्हणजे दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो. म्हणून वाळून दगड झालेली चाली सुपारी फोडायची तर लांब दांड्याचा, जाडजूड लोखंडी अडकित्ता लागतो. त्याला नक्षी नसते. पितळी मोराचा नाजूक अडकित्ता बैठकीत मिरवायचा. मग लक्षात येतं की पितळी अडकित्त्यालाही पातं पोलादाचंच बसवलेलं असतं, आणि ते जोडलंय कसं, यावर तो कामाचा की नुसता शोभेचा हे ठरतं. जुन्याचा खिळा सैल झालेला असतो, खालच्या बैठकीत खळगा पडलेला असतो, आणि पात्याची धार मधोमध आत गेलेली असते, कारण सुपारी तिथंच धरली जाते. बनावट अडकित्त्यात गंज असतो, झीज नसते. आम्ल ओतून गंज आणता येतो. पन्नास वर्षं सुपारी कातरणारी आजी आणता येत नाही.

कच्छमधल्या रेहा गावचे आणि जामनगरचे अडकित्ते पाहिले, तिकडे त्यांना सूडी म्हणतात, की आपल्याकडचे किती वेगळे ते कळतं. हे वेगळेपण दिसू लागणं म्हणजेच सूत्र पक्कं होणं. त्यानंतर विकत न घेण्याची ताकद येते, जी संग्राहकाला विकत घेण्याच्या ताकदीपेक्षा उशिरा येते. या तरुणानं व्हिक्टोरिनॉक्स भाच्याला दिला, रामपुरी ज्याच्याकडून घेतला त्यालाच परत विकला आणि पैशाचा तोटा सोसला. कट्यार ठेवली. ‘शिवकालीन’ हा शब्द मात्र सोडला.

आता तो रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांशी बोलतो. इकडे त्यांना बैलकम्मार म्हणतात. तिथं घण बाई मारते आणि पुरुष सांडशीत लोखंड फिरवतो. ट्रकचा जुना कमानपाटा तापवून त्याची विळी, कोयता होतो. त्यानं एका बाईला विचारलं, “अक्का, अडकित्ता कराल का?” ती हसली. म्हणाली, “कुणासाठी? सुपारी पुडीत कातरून येती की.” त्यानं तरीही करून घेतला. दांडे जरा वाकडे आहेत, पण चाली फुटते. त्याच्या संग्रहात करणाऱ्याचा चेहरा माहीत असलेला तेवढा एकच.

पितळेला चिंच लावून चकचकीत करायची नाही, हे त्याला आईशी भांडून पटवावं लागलं. पात्याला खोबरेल लावलं की ते कालांतरानं चिकट होतं, म्हणून शिलाई मशीनचं तेल. ही सगळी शहाणपणं एकाच जातीच्या वस्तूत अडकून पडल्यावर येतात.

सध्या आमचा वाद वेगळाच आहे. मेट्टुगत्ती सुपारीचीच, तेव्हा ती आत घ्यावी असं तो म्हणतो, आणि ते मला मान्य आहे. पण मग चुनाळं का नको, पानपुडा का नको, पिकदाणीनं काय पाप केलं, असं विचारत तो हळूहळू पुन्हा पहिल्या कपाटाकडे निघाला आहे. मी म्हणतो, ज्याला धार नाही ते बाहेर. तो म्हणतो, काका, तुम्ही फार कडक. असेन. पिकदाणी मी येऊ देणार नाही.