कुलूप बदलाला हवे, नजरेला नको

मार्चअखेर जवळ आली की सरकारी कार्यालये, सहकारी बँका आणि शाळांमधून एक्सेलचे अहवाल वर जाऊ लागतात. त्यांतले बरेच तक्ते प्रोटेक्ट केलेले असतात. आकडे ठरलेल्या रकान्यांतच भरता येतात, फॉर्म्युल्यांना हात लावता येत नाही. ही सवय चांगलीच आहे. बेरजेच्या फॉर्म्युल्यावर चुकून एखादा आकडा टाइप झाला, तर पुढची सगळी गणिते बिघडतात आणि अनेकदा ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पण या कुलपाची ताकद किती? शीट प्रोटेक्ट करणे ही सुरक्षेची व्यवस्था नव्हे, असे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. फाइल उघडण्यासाठी लावलेल्या पासवर्डने आतली माहिती सांकेतिक होते. शीटच्या पासवर्डने तसे होत नाही, आणि जाणकाराला तो सहज काढता येतो. हे कुलूप निष्काळजीपणा रोखते, बदनियत रोखू शकत नाही.

बदनियतीपुढे याहून भक्कम कुलपेही तोकडी पडतात. 2025 मध्ये नागपुरात उघडकीस आलेले शालार्थ आयडी प्रकरण आठवा. शालार्थ ही शिक्षकांच्या वेतनाची राज्याची ऑनलाइन प्रणाली आहे. तिथे लॉगिन होते, पासवर्ड होते, मंजुरीच्या पायऱ्याही होत्या. तरीही अपात्र व्यक्तींचे आयडी तयार करून सरकारी तिजोरीतून पगार काढल्याचे आरोप झाले, शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण पासवर्ड हा अधिकार नसून जबाबदारी आहे, एवढे समजायला निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, मग फॉर्म्युले झाकूनच टाकावेत. इथेच गल्लत होते. बदल रोखणे वेगळे आणि पाहणे रोखणे वेगळे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. जगभरच्या धोरणकर्त्यांनी त्याचा आधार घेतला. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यातली चूक सापडली: सरासरीच्या फॉर्म्युल्यातून 5 देश सुटले होते. लेखकांनी मूळ शीट त्याच्या हाती दिली, म्हणून ती सापडली. फॉर्म्युला दिसतच नसेल तर वाचणाऱ्याने आकड्यावर विश्वास ठेवायचा कशाच्या बळावर? लोकांचे खाते क्रमांक, आजार अशी खासगी माहिती मात्र लपवलीच पाहिजे. त्यासाठी कॉलम हाइड करून भागत नाही. पुढे पाठवायच्या प्रतीतून ती काढूनच टाकावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. माणसे कमी, संगणक एक, मुदत उद्याची. अशा वेळी पासवर्ड सगळ्यांना सांगावाच लागतो. ही अडचण खरी आहे, पण तिचे ओझे डेटा एंट्री ऑपरेटरने का वाहावे? पासवर्ड पाच जणांकडे असला की चूक कोणाचीच नसते आणि शेवटी आळ सर्वांत खालच्या माणसावर येतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद करता न येणारी नोंद राहिलीच पाहिजे, असा नियम कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. हीच शिस्त सार्वजनिक अहवालांनाही लावता येईल: कोणी, केव्हा आणि का बदल केला, हे त्याच फाइलमध्ये लिहिलेले असावे, आणि लॉक काढण्याचा अधिकार एकाच नावावर असावा. ते नाव सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे असावे, कारण आकड्याचा जाबही त्यालाच द्यायचा असतो.