न दिलेलं

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात सगळी नोकरी बॉयलरवर काढली, त्यामुळे चोरी म्हटलं की मला आधी तारेवरचा आकडा दिसतो. आकडा पडला की इकडे तेवढा कोळसा जास्त जळतो. हिशेब सरळ. पुतण्याचा सवाल मात्र वेगळा होता. ‘‘काका, मी गेमची क्रॅक कॉपी उतरवली तर बनवणाऱ्याकडचा गेम कमी होतो का?’’ नाही होत. शिवाय विकत घ्यायला पैसे नव्हतेच, म्हणजे त्याचं गिऱ्हाईकही बुडालं नाही, हा पुढचा मुद्दा.

वकिली बरी आहे, पण ती चोरी मोजते समोरच्याच्या नुकसानीवर. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात उमास्वाती तसं मोजत नाहीत. जे दिलेलं नाही ते घेणं म्हणजे चोरी, बस्स. त्याचं काय कमी झालं हे विचारायचंच नाही, आपला हात कुठे गेला ते पाहायचं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०१७ मध्ये ‘राजी’साठी किकस्टार्टरवर लोकांकडे आगाऊ पैसे मागितले, जमले नाहीत. तरी काम रेटलं आणि २०२० मध्ये गेम बाजारात आणला. स्टीमवर विकायचं तर साधारण ३० टक्के दुकानदाराचे. उरलेल्यात पगार, भाडं, वर्षानुवर्षांची मेहनत. अशांनी ‘घ्या फुकट’ असं कधी म्हटलेलं नाही.

काही मोठ्यांनी तर चोरायला काही ठेवलंच नाही. ‘व्हॅलोरंट’ फुकट, चालतो कंपनीच्या सर्व्हरवर, पैसे पडतात बंदुकीच्या रंगरंगोटीचे. पुतण्याने त्या रंगावर वडिलांचे पैसे घातले, न विचारता. (वहिनींना अजून पत्ता नाही.)

पण ही कसोटी विकणाऱ्यालाही लागते. युबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांना खेळता येईना. त्याच वर्षी स्टीम पैसे भरतानाच सांगू लागलं, की तुम्ही घेताय तो वापरण्याचा परवाना. निदान तोंडावर सांगितलं. तरी विकलेली वस्तू गिऱ्हाइकाला न विचारता काढून घेणं, हेही माझ्या लेखी न दिलेलं घेणंच.

पुतण्याने लगेच धागा पकडला. ‘‘मग बंद पाडलेल्या गेमची क्रॅक चालेल?’’

म्हटलं, ज्याने पैसे मोजले होते त्याने खुशाल घ्यावी. तू कुठे मोजले होतेस?