पावसाचं वजन

धंद्यातली नीती पुस्तकात शिकावी, पण परीक्षा द्यावी ती गगनबावड्यात, ऐन आषाढात. तिथे खडेमीठसुद्धा पाझरतं. २००९चा वैधमापन कायदा काटा तपासतो, शिक्का मारतो. पण गुळाच्या ढेपेत शिरलेला पाऊस कोण तपासणार? काटा खरा, माप खरं, भावही खरा. मग गिऱ्हाईक बुडतं कुठे?

आमच्या वाण्याला विचारलं.

"काका, उन्हाळ्यात माल वाळतोय, तवा तूट माझीच की! तवा कोण इचारतंय?"

बिनतोड! पण उन्हाळ्यात हाच गृहस्थ तंबाखूवर पाण्याचा हबका मारतो. चुरा होऊ नये म्हणून, म्हणे. तेही खरंच. फक्त हबका वजनाआधीच का, हे विचारायचं राहिलंय. पाऊस उघडू दे.