स्वेच्छात्याग आणि ईश्वरेच्छा

जीवास घर, धन, गाव, आप्त ही सर्व सोडता येतात. परंतु 'माझे मत' त्याच्या पाठोपाठ अरण्यातही जाते. म्हणूनच ख्रिस्ती साधनमार्गात स्वेच्छात्यागास मोठे स्थान आहे. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने संकट टळावे अशी प्रार्थना केली आणि निर्णय पित्याच्या इच्छेवर सोपविला. येथे इच्छा मुळी नव्हतीच असे नाही. ती निवेदन करून मग बाजूस ठेवली, हे सुज्ञ वाचकांनी लक्षात घ्यावे.

परंतु ईश्वराची इच्छा कोणती, हे सांगावयाचे कोणी? बारामती-इंदापूरच्या शेजारी, दौंड तालुक्यात केडगाव आहे. तेथील मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात या प्रश्नाचा कस लागलेला दिसतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथे असता त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले. ज्यांस रमाबाई 'आजीबाई' म्हणत, त्या सिस्टर जेराल्डीन यांनी नम्रतेचा उपदेश केला. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून कष्टाने सोडविलेली मान आपण दुसऱ्या जोखडाखाली देणार नाही. यास अहंकार म्हणावे काय? म्हणणे सोपे आहे. अधिकाऱ्याच्या सोयीस ईश्वरेच्छा म्हणणे त्याहूनही सोपे! शरणागती ज्यास करावयाची त्यालाच ती पोहोचली पाहिजे; मध्येच कोणी ठेवून घेतली तर ते केवळ दास्य होय.

तथापि दुसरी बाजूही आहे. पुण्याच्या शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो असा आक्षेप येऊन १८९३ साली न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी तेथील सल्लागार मंडळ सोडले. रमाबाई ज्यास ईश्वराची प्रेरणा मानीत, त्यात त्यांचा स्वतःचा आग्रह किती, ही शंका रास्तच होती. आपल्या इच्छेवर ईश्वराची मुद्रा उमटविणे हा साधकाचा फार सूक्ष्म विकार आहे. तो वादविवादाने उघड होत नाही. इच्छा मोडते तेव्हा होतो.

रमाबाईंची इच्छा मोडली. एकुलती कन्या मनोरमा आपल्यामागे संस्थेचा भार वाहील अशी त्यांची आशा होती. २४ जुलै १९२१ रोजी ती निवर्तली. त्या सुमारास रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारे बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचा देहान्त झाला, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते.