वळकटी धरणारी

घरच्या शिलाई मशीनवर गोधडी शिवणं हे एकटीचं काम नाही. झंपर, परकर, पिशवी एकटीनं होते. पण गोधडीचं धूड साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद, सहा-सात पदरांचं. आणि सुई नि मशीनचा उभा खांब यांच्यात वीतभरही जागा नसते. आमच्या मायनं त्याची रीत बसवली होती. आधी ओसरीत पदर अंथरून मोठे कच्चे टाके घालायचे, म्हणजे आतली लुगडी सरकत नाहीत. मग दोन्ही बाजूंनी घट्ट वळकटी करायची, मधली पट्टी तेवढी मोकळी. पहिली शिवण मधोमध. उजवी वळकटी खांबाच्या आत कोंबायची. ओळी कडेकडे सरकत गेल्या की ती बारीक होत जाते. अर्धं झालं की गोधडी फिरवून उरलेलं अर्धं. सुई 18 नंबरची, टाका लांब, आणि थांबायचं तर सुई कापडात रुतवूनच थांबायचं.

एवढं करूनही वजन उरतंच. पुढून लोंबलं की टाके बारीक पडतात, मागून ओढलं की लांब, आणि जास्तच ओढ बसली की सुई कट्कन तुटते. म्हणून मशीनमागं कुणीतरी उभं राहून ते तोलून धरावं लागतं. आमच्या घरी मोठी माय धरायची.

रिसोडकडच्या आमच्या गावात मशीन येण्याआधी गोधडी म्हणजे मोठी मायच. सोयाबीन निघालं, थंडीची चाहूल लागली की बाया जुनी लुगडी-धोतरं घेऊन तिच्याकडं यायच्या. गोधडी जमिनीवर पसरलेली आणि ती तिच्यावर बसून टाके घालत सरकत जायची. कापड जागेवर, बाई फिरती. मशीन आलं आणि उलटं झालं. बाई जागेवर, कापड फिरतं. महिन्याचं काम दोन दिवसांत. बाया मायकडं यायला लागल्या आणि मोठी माय मशीनच्या मागं गेली.

1924 साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्यानं गांधीजींना विचारलं होतं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात काय? त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद केला. बायकोचे शिवणातले हाल पाहवेनात म्हणून सिंगरनं ते प्रेमापोटी केलं, असं ते म्हणाले. मला हे पटतं. मायचे डोळे नि बोटं मशीननं खरंच वाचवली. पण वाचलेले सगळेच कष्ट नाहीसे झाले नव्हते, थोडे खांबाच्या पलीकडं सरकले होते.

एकदा दिवाळीनंतरच्या घाईत गिऱ्हाईक बाई मायच्या हातात पैसे मोजत होती. गोधडीची घडी घालता घालता मोठी माय म्हणाली, "माह्या दंडाचे किती धरले वं त्यात?" बाई हसली. माय हसली नाही. रात्री बाबांजवळ म्हणाली, "मशीन माहं, सूत माहं, पाय माहे चालते. पन थे नसली त एक ओळ सुदी निंघत नाई."

कुणी म्हणेल, धरायला काय अक्कल लागते? सोयाबीन काढताना असं कुणी म्हणत नाही. थ्रेशरवाल्याला भाडं मिळतं आणि सुडीवरून पेंढ्या टाकणाऱ्याला मजुरी. त्याला कसब किती, हे कुणी विचारत नाही. आणि मोठी माय नुसती धरत नव्हती. जाड जोड सुईखाली यायच्या आधीच तिचा हात सैल व्हायचा. ते हातशिलाईच्या वर्षांतून आलेलं होतं, मशीनसोबत विकत मिळालं नव्हतं. मग अडलं कुठं? तर 'घरातलं काम' या शब्दांत. घरातलं म्हटलं की हिशेब करणं ओशाळवाणं वाटतं, आणि त्याचा फायदा पैसे ज्याच्या हातात पडतात त्यालाच होतो. पण मायची अडचणही खोटी नव्हती. थोरल्या जावेच्या हातावर रोज मजुरी ठेवायची म्हणजे घरातलं नातं चौकातल्या मजुरासारखं करायचं. ते मोठ्या मायनंही घेतलं नसतं.

मायनं काढलेला तोडगा असा, की गिऱ्हाइकानं पैसे मोठ्या मायच्या हातात द्यायचे. ती ते पिशवीत बांधून कनवटीला खोचायची, आणि दोऱ्याची रिळं आणायलाही मायला तिच्याकडं मागावं लागायचं. न्याय झाला की नुसती जागा बदलली, कोण जाणे. भांडणं मात्र वाढली. एका हिवाळ्यात दोघी चार दिवस बोलल्या नाहीत, तेव्हा कुणाची तरी गोधडी अर्धी शिवलेली, सुई रुतवलेली, तशीच मशीनवर पडून होती.